चौदा माणसांचे नाताळचे टेबल : वसईच्या घरातील कामाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार. सकाळच्या मिस्सेनंतर (चर्चमधील उपासनेनंतर) घरी येऊन, दर रविवारी एक मेणबत्ती लावायच्या हिरव्या पानांच्या कड्यातील पहिली जांभळी मेणबत्ती लावली आणि यंदा २५ तारखेचे रात्रीचे जेवण आमच्याकडे करायचे, हे सासूबाईंनी सर्वांसमोर जाहीर केले. माणसे चौदा. आजवर आमच्याकडे अशी जेवणे बुफे पद्धतीने, म्हणजे हातात ताट घेऊन अंगणात उभ्याने होत आली. वयस्कर मंडळींना ते जमत नाही आणि तासाभरात जो तो आपापल्या कोपऱ्यात जातो. म्हणून यंदा सर्वांना एकाच टेबलावर, समोरासमोर बसवायचे आणि ते टेबल मनापासून सजवायचे, असे मी ठरवले आहे. असे काम करू पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा, म्हणून मापे, खर्च आणि चुका जशाच्या तशा लिहून ठेवत आहे.

पहिले माप माणसांचे. एका माणसाला कोपर न लागता जेवायला साधारण ६० सेंटिमीटर रुंदी लागते. आमचे टेबल १.८ मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे एका बाजूला तिघेच. दिरांकडे १.८ मीटर लांबीचेच एक घडीचे टेबल आहे. दोन्ही जोडली की ३.६ मीटर लांबी मिळते. दोन्ही बाजूंना सहा-सहा आणि दोन टोकांना एक-एक असे बरोबर चौदा जण बसतात.

३ डिसेंबर, मंगळवार

दिरांचे टेबल आणले. ते आमच्या टेबलापेक्षा ३ सेंटिमीटर बुटके आणि ६ सेंटिमीटर अरुंद निघाले. आणण्यापूर्वी केवळ लांबी विचारली होती, ही माझी चूक. रुंदीचा फरक दोन्ही बाजूंना सारखा वाटून घेतला की कापडाखाली फारसा कळत नाही, पण उंचीचा फरक लपत नाही. सांध्यावर पायरी पडते आणि तिथे ठेवलेला पेला कलंडतो.

आधी पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या. टेबलावर जोर देताच पुठ्ठा दबला आणि चारही पाय वेगवेगळे खाली गेले. अखेर सुताराकडून ३ सेंटिमीटर जाडीचे चार ठोकळे करून घेतले आणि पाय सरकू नयेत म्हणून प्रत्येकात अर्धा सेंटिमीटर खोल खाच पाडून घेतली. खाच पाडल्याने उंची तेवढीच कमी होणार, हे ना त्याच्या लक्षात आले ना माझ्या. मग खाचेत तेवढ्याच जाडीची फळीची चकती बसवावी लागली आणि खाच पाडण्याचा हेतूच संपला. शेवटी ठोकळ्यांच्या खाली आणि वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. त्यांनी पाय घट्ट धरले. सुताराचे २०० रुपये झाले आणि अख्खी दुपार गेली.

५ डिसेंबर, गुरुवार

कापडाची चूक सर्वांत महाग पडली, म्हणून ती सविस्तर लिहिते.

वसईतल्या पापडी गावच्या बाजारातून पांढरे सुती कापड साडेचार मीटर आणले, १२० रुपये मीटर, एकूण ५४० रुपये. घरी अंथरले तेव्हा लक्षात आले की कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंची, म्हणजे जेमतेम ११० सेंटिमीटर आहे. टेबल ९० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर कापड लोंबते आणि टेबल आखूड कपडे घातलेल्या वाढत्या मुलासारखे दिसते. कापड टेबलाच्या कडेखाली किमान २० ते २५ सेंटिमीटर उतरले पाहिजे. त्याहून जास्त उतरले तर ते मांडीत येते आणि उठताना ओढले जाते. आम्हाला १४० सेंटिमीटरचा पन्हा हवा होता.

आज पुन्हा जाऊन पलंगपोसाचे ९० इंची पन्ह्याचे कापड आणले, २२० रुपये मीटर, साडेचार मीटरचे ९९० रुपये. शिवायला देण्यापूर्वी सासूबाईंनी ते भिजवून वाळवायला लावले. वाळल्यावर लांबी सुमारे २० सेंटिमीटरने आटली होती. आधी शिवले असते आणि नंतर धुतले असते, तर ही आट टेबलाच्या टोकांवर दिसली असती. त्यातून १४० सेंटिमीटर रुंदीचा कपडा काढल्यावर जवळजवळ टेबलाच्या रुंदीची एक पट्टी उरली. तीच अस्तर म्हणून खाली अंथरायची आहे. त्यामुळे ताट ठेवल्याचा खणखणाट होत नाही आणि दोन टेबलांचा सांधाही जाणवत नाही.

पहिले कापड वाया जाऊ दिले नाही. त्यातून ४५ सेंटिमीटर चौरसाचे चौदा हातरुमाल निघाले. सगळ्याच्या कडा शिवून घेण्याचे ३५० रुपये झाले.

८ डिसेंबर, रविवार

दुसरी मेणबत्ती लावली. संध्याकाळी सासूबाईंनी कपाटातून त्यांच्या सासूबाईंचे लाल लुगडे काढून माझ्यापुढे ठेवले. आमच्या कुपारी या वसईतील ख्रिस्ती समाजातील बायका नेसत असत ते हे नऊवारी लाल लुगडे. आता आमच्या घरात ते रोज नेसणारे कोणी उरलेले नाही. टेबलाच्या मधोमध लाल पट्टा हवा, असे मी म्हटले होते आणि त्यासाठी बाजारातून लाल साटीन आणणार होते. “बाजारचं कशाला आणतेस? हे आहे ना घरात,” एवढेच त्या म्हणाल्या.

हे लुगडे कापायचे नाही, हे मी त्याच क्षणी ठरवले. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. लांबीत एकदा दुमडले की ४.१ मीटर होते. रुंदीत तीन घड्या घालून ते टेबलावर टाकले, तेव्हा ३८ सेंटिमीटरचा पट्टा झाला आणि डोळ्यांना फार सुरेख दिसला. पण दोन ताटे समोरासमोर ठेवून पाहिली आणि हिशेब फसला. ताट २७ सेंटिमीटरचे, कडेपासून दोन सेंटिमीटर आत ठेवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून ५८ सेंटिमीटर गेली. आमच्या टेबलावर मध्ये ३२ उरतात आणि दिरांच्या टेबलावर २६. म्हणून पाच घड्या घालून पट्टा २३ सेंटिमीटरचा केला. आता लुगड्याच्या एकूण दहा पदरांची जाडी होते, त्यामुळे पट्टा जागचा हलत नाही आणि त्याला इस्त्रीही फारशी लागत नाही. मात्र त्याच्या कडेवर अर्धा टेकलेला पेला डोलतो. पेले ताटाच्या उजवीकडे, सुरीच्या टोकाशी, पण पट्ट्यापासून दूर ठेवायचे.

एक गोष्ट आधीच तपासली ते बरे झाले. पांढरा रुमाल ओला करून लुगड्याच्या आतल्या पदरावर दहा मिनिटे दाबून ठेवला. तो गुलाबी झाला. म्हणजे पाणी सांडले तर नव्या पांढऱ्या कपड्यावर लाल रंग उतरणार. पहिल्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांची ३० सेंटिमीटर रुंदीची पट्टी जोडून घेतली आणि ती लुगड्याखाली घातली. दोन्ही कडांना तिची पांढरी किनार थोडी बाहेर दिसते आणि ती शोभूनही दिसते.

११ डिसेंबर, बुधवार

हिरवाईचा प्रश्न. चित्रांतील नाताळची टेबले पाइन आणि फरच्या फांद्यांनी भरलेली असतात; ती झाडे आपल्याकडची नव्हेत. आपल्या किनाऱ्यावर सुरूचे झाड असते, भुईगाव, कळंब, राजोडीकडे वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या त्याच्या रांगा आहेत, आणि नाताळचे झाड म्हणून अनेक घरांत त्याचीच फांदी उभी राहते. किनाऱ्यावरील झाडांना हात लावायचा नव्हता. नणंदेच्या कुंपणात सुरूचे एक झाड आहे, त्याच्या चार लहान फांद्या आणून प्रयोग म्हणून टेबलावर ठेवल्या. पहिल्या दिवशी त्या सुंदर दिसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो पांढऱ्या कपड्यावर बारीक हिरव्या काड्यांचा सडा पडलेला. जेवणाच्या वाडग्याशेजारी हे चालणार नाही. सुरूची फांदी नाताळच्या झाडासाठी ठेवायची, टेबलावर आणायची नाही.

बागेतली लाल कण्हेर आणावी, असे पुतणीने सुचवले. रंग नेमका जुळतो, पण कण्हेर विषारी आहे. तिचे पान किंवा फूल चुकून ताटात पडणे परवडणार नाही. ती सजावटीत कुठेच नको, असे घरात सर्वांना स्पष्ट सांगितले.

हिरवे म्हणून आता केळ घ्यायची. आमच्या वाडीत घड उतरवला की खुंट तोडून टाकतात, कारण एका खुंटाला एकदाच घड येतो. तो कापून त्याचीच फुलदाणी करायची, कारण त्याच्या पोकळ कप्प्यांत पाणी धरून राहते आणि फुलांचे देठ त्यात सहज रुततात. फुले खोवायचा बाजारचा हिरवा स्पंज कुस्करला की टेबलभर भुगा होतो. इथे तो प्रश्न येत नाही.

१५ डिसेंबर, रविवार. रंगीत तालीम

तिसरा रविवार, गुलाबी मेणबत्तीचा. आज पूर्ण टेबल मांडून पाहिले. हा दिवस खर्ची घातला नसता, तर २५ तारखेला खालचे सगळे घोळ पाहुण्यांसमोर झाले असते.

पहिला घोळ केळीच्या चिकाचा. काल संध्याकाळी खुंटाचे १० सेंटिमीटर उंचीचे नऊ तुकडे करून, फुले खोवून, ते कपड्यावर तसेच ठेवले होते. सकाळी प्रत्येक तुकड्याभोवती पाण्यासारखा ओघळ होता आणि दुपारपर्यंत त्याचा तपकिरी डाग झाला. केळीच्या चिकाचा डाग जात नाही, हे वसईत जन्मलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. लहानपणी वाडीतून कपडे डागाळून आल्यावर मी त्यासाठी मारही खाल्ला आहे. तरीही कापलेला खुंट रात्रभर चीक सोडत राहील, हे माझ्या ध्यानात आले नाही. तीन तुकडे लुगड्यावर होते. सुदैवाने तिथला चीक पट्टीवरच्या दुमडीत अडकला आणि लाल रंगात तो दिसत नाही. पांढऱ्या कपड्यावर सहा डाग पडले. लिंबू, मीठ, ऊन, सगळे करून पाहिले; डाग फिके झाले, गेले नाहीत. कपडा उलट टोकाने फिरवून घातला, तेव्हा चार डाग पट्ट्याखाली आणि वाडग्यांखाली झाकले गेले. उरलेले दोन ताटांखाली येतील.

उपाय असा ठरला : तुकडे दोन दिवस आधी कापायचे, बादलीत उभे करून निथळू द्यायचे, बुडाला केळीच्या पानाचा तुकडा सुतळीने बांधायचा आणि प्रत्येक तुकडा स्टीलच्या छोट्या ताटलीत ठेवायचा. पान नुसते बांधले की शिरेवर फाटते. गॅसच्या आचेवरून झरझर फिरवून घेतले की मऊ पडते आणि वळते.

दुसरा घोळ वासाचा. निशिगंधाच्या १५० रुपयांच्या काड्या आणल्या होत्या. दिवसा काही जाणवले नाही. संध्याकाळी कळ्या उमलल्या आणि सगळी खोली त्या वासाने भरून गेली. शेजारी ठेवलेल्या इंद्याळाचा, म्हणजे शिरक्यातल्या मसालेदार मांसाचा, वास येईना. आमच्या घरात नाताळ म्हणजे शिरक्यात मुरलेल्या इंद्याळाचा वास, आणि टेबलावरच्या फुलाने त्यावर कुरघोडी करणे मला पटत नाही. निशिगंध रद्द केला आणि पांढरी शेवंती ठरवली. ती हंगामात आहे, वास मंद आहे आणि देठ दणकट आहे.

तिसरा घोळ जागेचा. पूर्ण पट्टाभर फुले आणि मेणबत्त्या मांडल्यावर वाडगे ठेवायला जागाच उरली नाही. वाढण्याचे पदार्थ वेगळ्या टेबलावर ठेवले, तर दर वेळी उठावे लागणार आणि मग बुफे काय वाईट होता? एका हातातून दुसऱ्या हातात वाडगा गेला पाहिजे, फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची, टोपली फिरली पाहिजे, त्यासाठीच तर हा खटाटोप. म्हणून सजावट अखंड ठेवली नाही. दोन्ही टोकांच्या माणसांची ताटे जिथे येतात तेवढी जागा सोडून पट्टा आखडून घेतला. उरले २९६ सेंटिमीटर. त्यात सजावटीची तीन बेटे, प्रत्येकी ४० सेंटिमीटरची, आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे पदार्थांसाठी चार मोकळ्या जागा, प्रत्येकी ४४ सेंटिमीटरच्या. एकेका जागेत २२ सेंटिमीटरचे दोन वाडगे काटोकाट बसतात. गरम भांड्यांसाठी काथ्याच्या आठ चुंबळी घरात होत्याच. दोन टेबलांचा सांधा नेमका मधल्या बेटाखाली आला, त्यामुळे सांध्यावर वाडगा ठेवण्याची भीतीही गेली.

उंचीसाठी एक सोपी खूण सापडली. खुर्चीवर बसून कोपर टेबलावर टेकवायचे आणि मूठ उभी धरायची. मुठीच्या वर एकही फूल जाऊ द्यायचे नाही. दोन शेवंत्या त्याहून उंच होत्या, तेवढ्यानेही समोरच्या खुर्चीवरील सासूबाईंचा चेहरा अर्धा झाकला जात होता.

१८ डिसेंबर, बुधवार

पंखा आणि मेणबत्त्या. टेबलाच्या बरोबर वर पंखा आहे. थंडी असली तरी चौदा माणसे, गरम अन्न आणि डास यांमुळे तो पूर्ण बंद ठेवता येणार नाही. सर्वांत कमी वेगावरही ज्योत एका बाजूला झुकते आणि मेण ओघळते. कंदिलाच्या काचेच्या सहा चिमण्या आणल्या, प्रत्येकी ६० रुपये, आणि त्या मेणबत्त्यांवर बसवल्या. पाच मिनिटांत ज्योती मंदावल्या आणि दोन विझल्या. चिमणीला खालून हवा मिळाली नाही, तर ज्योत गुदमरते. कंदिलात त्यासाठी बुडाशी छिद्रे असतात, आणि मी तर चिमणी केळीच्या खुंटावर सपाट टेकवली होती. प्रत्येक चिमणीखाली तीन जुनी नाणी समान अंतरावर ठेवली आणि ज्योत सरळ, स्वच्छ जळू लागली. काच मात्र चांगलीच तापते, म्हणून टोकाला बसणाऱ्या भाच्यापासून चिमण्या दूर ठेवायच्या. केळीचा खुंट ओला असल्याने मेणबत्ती पार तळाला गेली तरी पेट घेत नाही, हेही आज एक पूर्ण जाळून पाहिले. मेणबत्त्यांचे २४० रुपये.

२१ डिसेंबर, शनिवार

प्रत्येकाच्या ताटावर ठेवण्यासाठी सुकेळ्यांच्या चौदा पुड्या केल्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी वसईची खास. करणारी घरे आता थोडी राहिली आहेत. नात्यातल्या एका घरातून ७०० रुपयांची घेतली आणि वाळक्या केळीच्या पानात गुंडाळून केळीच्याच सोपटाच्या (खोडाच्या सालीच्या) दोरीने बांधली. नावांच्या चिठ्ठ्या जेल पेनने लिहिल्या, त्या सुकेळ्यांच्या ओलाव्याने पसरल्या. पुन्हा पेन्सिलीने लिहून पानाच्या बाहेर दोरीत खोवल्या. दोन तास गेले.

२४ डिसेंबर, मंगळवार

रविवारी कापलेले खुंटाचे तुकडे छान निथळले आहेत. शेवंतीच्या चार जुड्या ३२० रुपयांना मिळाल्या. दुपारी टेबल, ठोकळे, अस्तर, कपडा, पट्टी आणि लुगडे मांडून वर जुनी चादर झाकून ठेवली, कारण रात्रीच्या मिस्सेला जायचे होते. कपड्याला टेबलावर अंथरल्यावर पाण्याचा हबका मारून तिथेच इस्त्री फिरवली. घडी घालून आणलेल्या कपड्याची मधली रेघ त्याशिवाय जात नाही. लुगड्याजवळ पाणी नेले नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

फुले दुपारी चारला खोवली, ताटे सहाला मांडली. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे आणि तिची धार ताटाकडे. आमची निम्मी माणसे हाताने जेवतात, म्हणून दोन टोकांना लिंबाची फोड घातलेले कोमट पाणी आणि हातरुमाल. मधल्या बेटावर आगमनकाळाचेच कडे ठेवले आणि त्याच्या मध्यभागी पांढरी मेणबत्ती. ती सासूबाईंनी लावली. अरुंद टेबलाच्या टोकाला भाच्याला लहान ताट दिले, नाहीतर शेजारच्या ताटाशी ते घासले असते.

जे बिघडले तेही लिहिते. हातरुमालांच्या पंख्यासारख्या घड्या दहा मिनिटांत उलगडल्या, कारण मी त्यांना खळ दिली नव्हती. फुग्यांच्या टोपलीसाठी जागा धरलीच नव्हती; ती अखेरपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या हातात राहिली. आणि दुसऱ्यांदा वाढताना इंद्याळाचा एक थेंब लुगड्यावर पडला. माझा हात थांबला. सासूबाईंनी तिथे मिठाची चिमूट टाकली आणि पुढे वाढायला सांगितले.

सर्व जण साडेआठला बसले आणि सव्वाअकरापर्यंत कोणी उठले नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

आवराआवर. कपड्यावर पडलेले मेण गोठू दिले, बोथट सुरीने खरवडले आणि उरलेल्यावर तपकिरी कागद ठेवून इस्त्री फिरवली. मेण कागदात उतरले. लुगडे एकटेच गार पाण्यात रिठ्याने धुतले आणि सावलीत वाळवले. इंद्याळाचा डाग पाच घड्यांपैकी वरच्या एकाच पदरावर होता, तो फिका होऊन राहिला आहे.

एकूण खर्च ३,८५० रुपये; त्यातले पूर्ण वाया गेलेले फक्त निशिगंधाचे १५०. वेळ साधारण तीस तास, आणि त्यातले निदान दहा तास न मोजता आणलेल्या टेबलाने, कापडाने आणि चिकाने घेतले. चारही ठोकळ्यांवर कोणत्या पायाखाली कोणता, ते खडूने नव्हे तर रंगाने लिहिले आणि दिरांच्या टेबलासोबत परत पाठवले. लुगडे आज संध्याकाळी सासूबाईंनी घडी करून माझ्या कपाटात ठेवले.